शून्य कुठं धरायचं

अर्धा किलो संत्रा बर्फीच्या डब्याएवढी,
पांढरी, हलकी, आत काहीच नसल्यासारखी.
हर्षदानं पुण्याहून मागवून दिली, किंमत सांगितली नाही,
पण बिल खोक्यातच राहिलं होतं:
दोन हजार तीनशे, सातशेची सूट वजा जाता.

चौतीस वर्षं मी पॉवर हाऊसात मीटर जुळवले.
एवढ्या पैशात आमच्याकडे
मीटरचं झाकणसुद्धा येत नसे.
चष्मा लावून मागच्या फटीतून पाहिलं:
एक पंखा, नखाएवढा,
फिरतोय की कण्हतोय ते कळू नये असा.

वायर लावली. आकडा आला: सदतीस.
हिरवा दिवा.
झिंगाबाई टाकळीत, डिसेंबरात,
समोर चौकीदार पाला जाळत असताना
सदतीस!
"खोटारडी आहे," मी म्हणालो.
"थांबा न जरा," शकुन म्हणाली,
"आत्ताच तर आली बिचारी. दम तर घेऊ द्या."

मग ती ठेच्यासाठी मिरच्या भाजायला गेली.
नव्वद. दोनशे दहा. चारशे बारा.
दिवा लालबुंद.
मी खोकतोय, शकुन खोकतेय,
भिंतीपलीकडे धकाते खोकतायत,
आणि ही सराटा उगारून विचारते,
"याले काहून एवढा राग येऊन राहिला?"

दोन दिवस कडेवर घेतल्यासारखी घरभर फिरवली.
बैठक बरी. मोरी बरी.
देवघरात मात्र घरातली सगळ्यात वाईट हवा.
त्या संध्याकाळी शकुननं
तीनऐवजी एकच उदबत्ती लावली
आणि हात जोडून बराच वेळ काहीतरी समजावत बसली,
देवाला की डबीला, मी विचारलं नाही.

गच्चीवर नेली. कठड्यावरून बोट फिरवलं.
ही राख मी ओळखतो.
माझ्या कॉलरमधून ती रोज घरी यायची,
शकुन तिला न बोलता बादलीत बुडवायची.
डबी म्हणाली, एकशे सहासष्ट.
मी म्हणालो, असेल.

रात्री माहितीपत्रक वाचलं, मुंगीच्या अक्षरातलं.
कार्बन डायऑक्साइडचं असं आहे:
स्वच्छ हवा म्हणजे काय
हे हिला कुणी दाखवून दिलेलं नाही.
आठवडाभरात जी सगळ्यात बरी हवा भेटेल
तीच ही स्वच्छ धरते,
आणि पुढचं सगळं तिच्यावरून मोजते.

आमच्या सेक्शनात कुणी असं केलं असतं
तर त्याला कान धरून
प्रमाणित गॅसच्या सिलिंडरपाशी उभा केला असता.
हिच्यावर रागावता येईना.
मी तरी कुठला सिलिंडर पाहून आलो होतो?
वडलांच्या बिडीच्या धुरात पाढे पाठ केले,
आणि पहाटे नळाच्या रांगेत जे नाकात शिरलं
त्यालाच जन्मभर म्हणत आलो,
काय छान हवा आहे.

तीन वाजता जाग आली.
दार बंद, खिडकी बंद, रजईत दोन माणसं,
आकडा सोळाशे चाळीस.
म्हणजे आमचेच श्वास, पुन्हा पुन्हा वापरलेले.
खिडकी उघडली. तो आकडा उतरू लागला
आणि दुसरा, धुळीचा, चढू लागला.
लोटली. उलटं झालं.
मग अर्धी उघडी धरून उभा राहिलो,
जुन्या सवयीनं,
दोन्ही काटे कुठं जुळतात ते शोधत.

"काय करून राहिले तुम्ही? थंडी वाजते न बाप्पा."
"थांब, जुळतच आलंय."
"आणि तो लाइट पह्यले बंद करा, डोळ्यावर येते."
बंद करायचं बटण त्या किमतीत नव्हतं.

ती उठली, चाचपडत आरशापाशी गेली,
आणि आरशावरची एक टिकली काढून
दिव्यावर चिकटवली.
अंधार झाला.
टिकलीच्या कडेनं फक्त बारीक रेघ उरली,
पिवळी की लाल,
माझा चष्मा उशाशी होता.