शेरा

हिंगण्याच्या एमआयडीसीत, ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात,
तांब्याच्या तारेवर कागद, कागदावर पुन्हा तार
अशी गुंडाळी चालते, तिथं
सोळा वर्षं एक रजिस्टर माझ्या हाती आहे.
तारीख, वेळ, नाव, बाद झालेले नग,
आणि शेवटी एक अरुंद रकाना : शेरा.

त्या रकान्यात मी एकच शब्द लिहीत आलो.
निष्काळजीपणा.
पुढे पुढे नुसतंच ‘नि.’
आणि त्याखाली पानभर कित्ता, कित्ता, कित्ता.

नवतपा लागला की बाद नग वाढायचे.
हे सगळ्यांना ठाऊकच होतं,
दुपारी रस्ता ओस पडतो हे ठाऊक असतं तसं.
बाया एप्रनच्या खिशात कांदा घालून यायच्या,
पाळी सुटेस्तोवर तो कांदा
शिजल्यासारखा मऊ.
मी आत, कूलरसमोर,
वाळ्याच्या गार वासात लाल पेन उघडायचो.

दमयंती बावणकर एकदा टेबलापाशी आली.
चक्कर येऊन पडली नाही, रडली नाही.
म्हणाली, “माह्यं नाव कितीदा आहे, थे पाहू द्या जी.”
उभ्या उभ्याच तिनं बोट फिरवलं,
तारेची चिरी पडलेलं बोट,
एकेका ओळीवरून.
“दोनच्या आत एकबी नाही.
सारे तीननंतरचे.
तुमी वेळ लिवली साहेब,
अन् वाचली नाही कधी?”

त्या रात्री मी फूटपट्टी घेऊन बसलो.
फक्त तिचंच नाही, सगळ्यांचंच तसं.
तिसऱ्या तासानंतर घाम ठिबकतो,
कागद दमट होतो,
दमट कागद चाचणीत जळतो.
इतकं साधं होतं.
सोळा वर्षं माझ्याच अक्षरात होतं.

मालक म्हणाले, पंखे लावले तर कागद उडेल.
खरंच उडाला असता.
मग खैरुन्निसा म्हणाली, हवा अंगावर कशाला,
वरून खेचा ना बाहेर.
छपराला पंखे बसले, पत्र्यावर चुन्याचे दोन हात,
माठ आले, तीन वाजता वीस मिनिटं सुट्टी.
स्टुलांवरून महिनाभर घोळ झाला :
बसून गुंडाळी सैल होते, असं मालकाच्या वडिलांचं मत होतं.
ती घट्ट झाली.
पाठ दुखत नसली की हात एकसारखा ओढतो,
हे शांता उईकेनं मला रीळ हातात देऊन दाखवलं.

पुढच्या मेचं पान मी परवा उलटलं.
शेऱ्याचा रकाना इतका कोरा
की क्षणभर वाटलं, मीच भरायचा विसरलो.
माल वेळेवर गेला. मालक खूश.
त्यांनी दारावर पाटी लावली : आपण सारे एक कुटुंब.
बाया वाचून हसल्या.
“कुटुंब आहे तं दिवाळीचा बोनस काहून अर्धा बे?”
ते अजून व्हायचंय.
गेटवरचा रामटेके अजून उन्हातच उभा असतो, तेही.

पण मला झोप लागत नाही ती दुसऱ्याच कारणानं.
कपाटात जुनी पंधरा रजिस्टरं आहेत.
एकात सुलभा निखारे, एका मेमध्ये एक्केचाळीस वेळा ‘नि.’,
आणि जूनमध्ये तिचं नावच नाही.
कुणी म्हणतं वाडी नाक्याला भजी तळते,
कुणी म्हणतं गेली भंडाऱ्याला.

रविवारी कारखाना बंद असताना
मी ते पान काढलं.
लाल शाई खोडता येत नाही.
म्हणून बाजूला, समासात, पेन्सिलीनं
पहिल्या ओळीशी लिहिलं :
दुपारचे साडेतीन. पत्र्याखाली उभी होती.
आणि त्याखाली एक्केचाळिसाव्या ओळीपर्यंत
कित्ता, कित्ता,
एकेक, सावकाश,
शेवटी माझी सही.