खडूने आखलेली सावली

फाइलवर लिहिलं होतं : चौक सुशोभीकरण.
आत एक कारंजं, सिमेंटचे दोन बगळे,
आणि शहराच्या नावाची लाल अक्षरं, पुरुषभर उंच,
पुढे उभं राहून फोटो काढायला.
बसायला काही नव्हतं.
आठवड्याने नळ येणाऱ्या आमच्या धुळ्यात
कारंजं मात्र रोज उडणार होतं.

मी कनिष्ठ अभियंता. सही तेवढी करायची.
सहीआधी खडूचा डबा घेतला
आणि मे महिन्यातल्या एका मंगळवारी
पाचव्या गल्लीच्या तोंडाशी, निंबाखाली जाऊन उभी राहिले.

दहा वाजता सावली होती
बंद पडलेल्या घड्याळ-दुरुस्तीच्या पायरीवर.
तिच्या कडेकडेने रेघ ओढली.
साडेबाराला ती खोडाशी गोळा झाली,
दोनला रस्त्याकडे कलली,
चारला थेट चढली
जीवनलाल शेठच्या कापडदुकानाच्या ओट्यावर.

आणि तिच्यामागे माणसं.
टोपली ओढत सुपडाबाई, बांगड्या किणकिणत,
दर तासाला दोन हात पुढे.
हिलाल हमाल, रिकामी गोणी खांद्यावर.
आयटीआयची एक मुलगी, जिची बस कधीच वेळेवर नसते.
पंगतीत सरकून जागा करतात तसं,
न बोलता.

ओट्यावर शेठनी खिळे बसवलेत, टोकं वर.
म्हणाले, बसणारे काही घेत नाहीत.
मग घेणारे कुठेत, हे मी विचारलं नाही.
तेही तेच बघत होते गल्ल्यावरून :
पूल ओलांडून देवपुरात गेलेला सगळा बाजार,
आणि इकडे आग्रा रोडवर
भर लगनसराईत
घडी न मोडलेली शालूंची थप्पी.

"काय मोजी ऱ्हायनी माय?"
सावली, म्हटलं.
"मोजी ले. तिले पट्टी नही लागत आजून."

विटा रचून उंची बघितली, पुस्तकातली, अठरा इंच.
सुपडाबाई बसली. पाय हलवून दाखवले, लहान पोरीसारखे.
"मन्हा पाय भुईले टेकत नही."
दोन विटा काढल्या.
हिलाल म्हणाला, मले बठाले नको, उतराले पाहिजे.
भिंतीला पाठ लावून त्याने खूण केली, छातीच्या वर :
इथवर दगड असला
तर पोतं टेकवायला कुणाला हाक मारावी लागत नाही.
बत्तीस वर्षं तो हाक मारतोय.

तर ओटा असा झाला कागदावर :
कुठे बुटका, कुठे छातीएवढा,
आणि खडूच्या रेघेमागे वाकडा वाकडा गेलेला.
कंत्राटदार भदाणे हसले. मॅडम, वाकडं काम महाग पडतं.
आणि उद्या वायरमनने फांदी छाटली की
तुमची सावली गेली.

खरं होतं ते.
रात्री जागून अंदाजपत्रकात एक ओळ वाढवली :
छत – निंब – एक नग – विद्यमान.
लेखापरीक्षकाने त्यावर प्रश्नचिन्ह काढलं, लाल.
पण खोडलं नाही.

निधी दोनला संपला.
म्हणजे दोनच्या रेघेपर्यंत ओटा झाला,
पुढचा खडू पावसात गेला.
कारंज्याचं कुणी पुन्हा विचारलं नाही,
बगळे गोदामात आहेत, एकाची चोच तुटलीय.

या उन्हाळ्यात चार वाजता गेले होते.
सावली नेहमीसारखी शेठच्या ओट्यावर चढलेली,
आणि खिळ्यांच्या रांगेत
मधेच एक फट.
सुपडाबाई तिथे बसून बांगड्या ओवत होती,
पाय लोंबते,
आत शेठ वर्तमानपत्रामागे.

ती उठल्यावर टेप लावला.
सतरा इंच. एका माणसाची जागा,
तीही अंग चोरून.

फाइलला नोंद केली नाही.