मोजणी

निवृत्तीला वॉर्डानं भिंतीवरचं घड्याळ दिलं.
ऐनापुरे डॉक्टरांनी खोकं दिलं, सेलोफेन न फोडलेलं,
वर समुद्रावर झेपावणारं विमान, कोपऱ्यात एकास बहात्तर.
"मीच घेतलं होतं, एस्तेर. राहून गेलं."
आणि हात खिशात घातला.
तो हात हल्ली खिशात का असतो
हे ओटीत सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी बोलत नव्हतं.

एकतीस वर्षं मी दिलं.
ब्लेड म्हणताच ब्लेड, क्लॅम्प म्हणायच्या आधी क्लॅम्प.
कापलं कधीच नाही.

मिरज स्टेशनामागच्या माझ्या खोलीत
टेबलावर हिरवं कापड अंथरलं, सवय.
डहाळीला चिंचा लटकाव्यात तसे
फ्रेमला तुकडे, एकेकाला नंबर.
पहिला कापला तो सात. नाकतोड्याच्या पायाएवढा.
चिमट्यातून उडाला.
साठीच्या गुडघ्यांवर फरशीभर रांगले
मोबाइलचा उजेड धरून,
सापडल्यावर मोठ्यानं म्हणाले, प्रभू, उपकार.
ऑपरेशनला मनातच म्हणायची.

सूचनांच्या कागदावर जपानी, आणि बाण.
बाण मला कळतात.
तरी पंख उलटा लागला. सकाळी सोडवला, जखम राहिली.
पुट्टी, पॉलिशपेपर, परत पुट्टी.
शेजारची रुबिना दारातून, "सिस्टर, उडणार का हे?"
"नाही गं."
"मग?"
मी चाक लावत होते.

पोटाच्या दोन फाका जुळवल्या, रबरबँड आवळले,
चोवीस तास. शिवण सरळ आली.
खुशीत चहा ठेवला, मागे वळले,
तर बशीच्या कडेला, रंगवलेला, पट्टे बांधलेला
पायलट.
बाहेर.

पोट शिवायच्या आधी त्या खोलीत
फक्त माझा आवाज असायचा:
गॉझ बारा, मॉप पाच, सुया चार.
ऐनापुरे सुई धरून थांबायचे.
कधी कमी भरलं नाही. एकदा भरलं,
सव्वा तास शोधला तो गॉझ,
केराच्या बादलीत निघाला.
चहा उतू गेला.

वरची काच बसवताना गोंदाचं बोट लागलं.
धुरकटली, आणि त्या धुरात माझ्या अंगठ्याच्या रेषा.
पुसून जात नाहीत, प्लास्टिकच वितळलंय.
जन्मभर हातमोज्यांत वावरले.
अर्धी मिरज हाताखालून गेली असेल,
ठसा कुणावर नाही.

रविवारी चर्चनंतर बुटाच्या खोक्यातून घेऊन गेले.
डॉक्टरांनी चष्मा कपाळावर चढवला, शिवण पाहिली,
पंखाखालची पुट्टी पाहिली,
मग त्या जुन्या आवाजात, "मोजणी?"
"एक कमी."
पर्समधली गोळ्यांची डबी उघडली.
कापसावर तो बसलेला, मूठ वळलेली,
दांडा आत विमानातच राहिलेला.

ते हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत,
आणि दोन्ही हात पुढे केले.
मी दिलं.
त्यांच्या हातात विमान थरथरायला लागलं
पंखांच्या टोकांपासून शेपटीपर्यंत,
इंजिन नुकतंच लागल्यासारखं.
पुढचा पंखा मी चिकटवला नव्हता, मोकळा ठेवला होता.
तोही जरासा फिरला.