रविवारची बाजू

रूथ साळवे सिस्टरांची बदली नांदेडला झाली,
झाड माझ्या जिन्यात राहिलं.
"महिन्यातून एकदा पेंड द्या, भिजवून,
कोऱ्या चहाइतकी पातळ.
दर रविवारी कुंडी पाव फेरा फिरवा.
लाड नको."

जालन्याचं बोअरचं पाणी.
कुंडीच्या काठाला खारट पांढरी रेघ,
सुयांची टोकं तांबूस.
वरच्या अझीमच्या एसीखाली मी बाटली लावली,
थेंब थेंब, रात्रभर.

तरी एप्रिलात घाबरले
आणि दोन मुठी युरिया घातला.

आठवड्यात खालची फांदी वाळली,
मग तिच्या शेजारची.
अझीम म्हणाला, "काहून रडू लागल्या काकू,
फुटंल की पुन्हा."
नाही फुटत. या जातीत
गेलेली फांदी गेली.

शेंड्यावर मात्र पोपटी पाच बोटं आलीत,
अजून नीट न उघडलेली.

फोनवर सिस्टरांना म्हटलं, मजेत आहे.
कुंडी फिरवते. पाव, पाव, पाव.
चौथ्या रविवारी
ती उघडी बाजू माझ्या दाराकडे येते.

पेंड मी त्याच दिवशी देते.