मोडल्यास

सस्काटूनमध्ये उणे एकतीस.
टेबलावर तीन कागद, आणि त्यांच्याखाली
ओरेस्तच्या आईने विणलेला लाल-काळा रुमाल,
ज्यावर कप ठेवायचा नसतो.

पहिला कागद मोठ्या बँकेचा.
आम्ही तिचे मोलाचे ग्राहक.
अकरा वर्षांत माझं नाव एकदाही धड लिहिलं नाही तिने,
मोल मात्र दोन दशांश स्थळांपर्यंत:
४.८९. सही करा, परत पाठवा.

दुसरा एका दलालाचा, ज्याचा आम्हाला फक्त आवाज माहीत आहे.
४.३४ म्हणतो. एकशे वीस दिवस धरून ठेवतो म्हणतो,
जशी बगलेत कोंबडी धरावी,
बाजार संपेपर्यंत.

शाळेत द.सा.द.शे. पाठ होतं मला.
मुद्दल गुणिले दर गुणिले मुदत, भागिले शंभर.
त्या गणितांतली माणसं कर्ज घेत, कर्ज फेडत,
मधल्या काळात कुणाला काही होत नसे.
इथे व्याजाला दर सहा महिन्यांनी व्याज होतं.
आम्हाला मूल झालं नाही.
(हे कागदावर कुठेच विचारलेलं नाही.)

तिसरा कागद क्रेडिट युनियनचा,
म्हणून आज लोरेन वीबसमोर बसलोय, बूट निथळताहेत.
तिचे वडील आणि ओरेस्तचे आजोबा
एकाच गोदामात गहू घालायचे, ते झालं बोलून.
मग ती विचारते, स्थिर की बदलता?

ओरेस्त पोटॅशच्या खाणीत असतो, एक किलोमीटर खाली.
चार दिवस तिथे, चार दिवस घरी.
त्याने मला एकदा सांगितलं होतं,
खाली काहीच स्थिर नसतं.
मीठ सरकतं. कळत नाही इतकं हळू.
बोगदा दर वर्षी बोटभर अरुंद होतो,
छताला बोल्ट मारत राहायचं आणि मोजत राहायचं.
तेव्हा आम्ही मोजण्याबद्दलच बोलत होतो,
निदान मी तसं समजले.

लोरेन चष्मा काढते.
"विचारावं लागतं मला. पाच वर्षांच्या आत
हे मोडायची वेळ येईल असं वाटतं?"

मोडणं.
मनात मी लगेच मराठीत शिरते, सवयीने.
आपण ठेव मोडतो, शंभराची नोट मोडतो,
पाटल्या मोडून घर बांधतो,
घर मोडतं. मांडव मोडतात.
सगळ्याला एकच शब्द, आणि सुटे पैसे हातात येतात
ते फक्त नोटेचे.

भिंतीतला हीटर टकटक करतो.
ऑक्टोबरात रिजायनाला मी एक खोली पाहून आले.
पूर्वेची खिडकी, भाड्यात पाणी धरून.
कुणाला बोलले नाही. फोटो अजून फोनमध्ये आहे,
दातांच्या एक्स-रेंच्या फोटोंमागे.

"बदलता द्या," ओरेस्त म्हणतो.

लोरेन त्याच्याकडे बघते. रात्रीच तो म्हणत होता
स्थिर घेऊ, झोप लागेल.
"हप्ता वर जाऊ शकतो," ती म्हणते.
"जाऊ दे."
"मोडलंत तर मात्र दंड थोडा. तीन महिन्यांचं व्याज.
स्थिरमध्ये किती बसेल, ते बसल्यावरच कळतं."
"हो," तो म्हणतो, "तेच वाचलं मी."

कधी वाचलं?
काय वाचलं?
दर उतरतील असा त्याचा अंदाज असेल.
खाणीत सगळे हेच बोलतात, जेवणाच्या सुट्टीत.
मी त्याच्या हाताकडे बघते. नखांत गुलाबी धूळ.
सही नेहमीसारखी, शेवटच्या अक्षराला शेपूट.
माझी त्याखाली. लोरेन माझं नाव वाचते,
एकेक अक्षर सावकाश, आणि बरोबर.

घरी येतो तर अंधार, चार वाजून चाळीस मिनिटं.
इंजिन गोठू नये म्हणून रात्री गाडीला वायर लावावी लागते.
बाहेर प्लग एकच. दुसरा नाताळापासून बंद.
मी खिडकीतून बघते: तो वायर ओढत
स्वतःच्या ट्रकला वळसा घालतो,
गुडघ्यावर बसतो माझ्या गाडीपुढे,
हातमोजा दातांत धरून.

उद्या मला कुठे जायचं नाही.
त्याला ते माहीत आहे.