बाविसाव्या मजल्यावरून

दुपारी दोनला फोन वाजतो.
"मी कारखानीस. बाविसावा मजला."
आधी एवढंच. मग खोकला. मग,
"धूर. उंटाच्या पाठीवर. बारीक आहे,
पण सरळ वर जात नाहीये."

उंटाची पाठ म्हणजे कुठली
हे कळायला माझा अख्खा मार्च गेला.
येऊरच्या नकाशात जंगलाला नंबर असतात.
बारक्या वरठ्याला नंबर ठाऊक नाहीत,
तो म्हणतो हेदूची सोंड, आटलेलं पाणी,
म्हातारीचा दगड.
तीन माणसं, एक डोंगर,
आणि वाऱ्याला यातलं एकही नाव माहीत नाही.

पहिला फोन तक्रारीचा होता.
"एसीतून जळका वास येतो. खातं काय करतं?"
म्हटलं, साहेब, खातं म्हणजे मी,
बारक्या, दोन रोजंदार पोरं,
पाला उडवायचा एक ब्लोअर, पेट्रोल असलं तर,
आणि कुड्याच्या ओल्या डहाळ्या.
"डहाळ्या?"
हो. बडवायची आग. आणि यंदा
ओली डहाळी शोधण्यातच वेळ जातो.

पलीकडे बराच वेळ नुसता पंखा.
मग म्हणाले, "मला इथून सगळा डोंगर दिसतो.
मुलानं दुर्बीण पाठवली आहे, पक्ष्यांसाठी.
दुपारचे पक्षी नसतातच."

जाळरेषा काय असते ते मी त्यांना सांगितलं.
वणव्याच्या आधी आपणच जाळून ठेवायची पट्टी,
म्हणजे तो आला की त्याला खायला काही नको.
"उपाशी ठेवायचं," ते म्हणाले,
आणि एकदम, "पाणी आलं, पाणी आलं!"
फोन तसाच ठेवून गेले. वीस मिनिटांचं पाणी.
मी ऐकत बसले:
बादली आधी पोकळ वाजते, मग जाड, मग मुकी.
आमच्या पाणवठ्यात त्या दिवशी
बिबट्याचे ठसे
अगदी मधोमध उमटले होते.

एप्रिलची अकरा. बेचाळीस अंश.
आदल्या रात्री कुणाच्या तरी बंगल्यात लग्नाचे फटाके,
एक ठिणगी मोहाच्या खोडात निजून राहिलेली.
"दराडेबाई, उजवीकडे जाऊ नका.
ती तुमच्या मागून येतेय."
मला बारक्याची पाठही दिसत नव्हती.
"खाली या. त्या एकट्या सावरीकडे.
ती नव्हे हो, पलीकडची. पांढरी."
गॅलरीत लुंगीवर उभा एक माणूस
आणि त्याच्या बोटाच्या टोकाशी आम्ही चौघं.

पोचल्यावर कुणी बोललं नाही.
बारक्यानं चप्पल काढून पाहिली,
टायरचा तळ वितळून पाल्यासकट चिकटलेला.
पांढऱ्या बुंध्यावर हात ठेवून म्हणाला,
"म्हाताऱ्याला सांग, सावर नाय ही.
कांडोळ हाय."

साडेचार हेक्टर गेलं.
अहवालात रकाना असतो: आग प्रथम कोणी पाहिली.
मी लिहिलं, टेहळणी मनोरा.
आमच्याकडे मनोरा नाही.
साहेबांनी सही केली, विचारलं नाही.

मे महिन्यात दोन दिवस फोन आला नाही.
जाळरेषेवर उभी राहून मी मजले मोजले.
चार इमारती, चारही सारख्या,
चौदाव्यानंतर दर वेळी चुकले.
कुठलीच खिडकी उघडी नव्हती.
पोरांना म्हटलं, आज तुम्हीच चढून बघा,
आणि पोरं माझ्याकडे बघत राहिली.

तिसऱ्या दिवशी, दोन वाजून दहा.
"मी कारखानीस." खोकला नाही, आवाजच बारीक.
"सलाईन लावलं होतं. ऊन लागलं म्हणे, घरात बसून!
कांडोळाच्या वर काही नाही.
आटलेल्या पाण्यापाशीही काही नाही."
म्हटलं, काका, पाणी पीत जा.
"तुमच्याकडे आहे का?"

मी बाटली फोनजवळ नेली
आणि त्यांना ऐकू जाईल अशी
हलवली.