आजचं बंदर

कर्मचाऱ्यांच्या मेसमधल्या फळ्यावर रोज एक बंदर लिहितात.
आज लिहिलं होतं : मुंबई. बेट. मुक्काम आठ तास.
समुद्रकिनारा : सार्वजनिक बसने. सुट्टे जवळ ठेवा.
साडेचारच्या आत परत.

मी ते दोनदा वाचलं.
शाळेच्या दाखल्यावर आपलंच नाव
भलत्याच ऱ्हस्वदीर्घात लिहून यावं, तसं वाटलं.

मारिसेल म्हणाली, तुझं गाव ना? मग बीच दाखव.
सात महिने आम्ही दोघी टॉवेलांच्या घड्या घालतोय,
निळ्या पट्ट्यांचे, दिवसाला अठराशे,
लोकांनी वाळूवर अंथरावेत म्हणून.
वाळू आम्हाला माहीत आहे ती ड्रायरच्या जाळीतली.
एक टॉवेल तिने पोटाशी गुंडाळला, वर सदरा ओढला.
गेटवरचा पोलीस लगबगीने बाजूला झाला,
सांभाळून जा ताई, म्हणाला.
कोपऱ्यापर्यंत आम्ही हसू दाबून धरलं.

थांब्यावरचे आकडे बदललेत.
ओळखीचे असल्यासारखं मी थोडा वेळ बघितलं,
मग केळीवाल्याला विचारलं.
बस आली ती बुटकी, गार, काचा बंद.
माझ्या वेळी दोरी होती घंटेची,
आणि पहिली पायरी इतकी उंच
की आई मला काखेत धरून वर टाकायची.

कंडक्टरच्या बिल्ल्यावर घाडीगावकर.
मारिसेलकडे, मग माझ्याकडे बघत : किधर?
दोन चौपाटी, मी म्हटलं.
तेव्हा मराठीत : सुट्टे द्या.
पाकीट उलटं केलं. डॉलर, दिरहम,
मासा कोरलेलं कुठल्याशा बेटाचं नाणं.
रुपया एकही नाही.
मागच्या सीटवरून वीस रुपये पुढे आले,
एका बाईचे, मांडीवर एक्स-रेचं मोठं पाकीट.
असू दे गं. पाहुणी आहे ना बरोबर.
कुठून आलात?

नालासोपारा म्हणता आलं असतं.
जहाजावरून, म्हटलं मी.

आई तिथेच असते, नालासोपाऱ्याला.
जायला-यायला पाच तास,
वर ती जेवल्याशिवाय सोडायची नाही,
म्हणून तिला कळवलंच नाही.

दुपारची चौपाटी म्हणजे एक झोपलेला माणूस,
उशाला स्वतःच्या चपला,
आणि एका छत्रीच्या आड कॉलेजातली दोघं.
मारिसेलने विचारलं, पोहायचं कुठे?
इथे पोहत नाहीत, बघतात.
किती वेळ?
ते ज्याचं त्याने ठरवायचं.
ती घोट्यापर्यंत पाण्यात गेली आणि थांबली,
इथे सगळे थांबतात तिथेच.
मी टॉवेल अंथरला, अठराशेतला एक,
आणि त्यावर बसायला मला उगाच अवघडलं.

तेवढ्यात फोन. आई.
कुठे आहेस? वारा ऐकू येतोय.
समुद्रावर, मी म्हटलं.
ते खोटं नव्हतं.
जेवलीस का?
हो. हे मात्र खोटं.
मागे भेळवाला ओरडला, मराठीत, चांगला खणखणीत.
ती जराशी थांबली.
तिकडेही मिळते वाटतं भेळ, म्हणाली,
आणि मग भावाच्या गुडघ्याचं सांगत बसली.

परतीची बस येईना.
टॅक्सीवाला वीस डॉलर म्हणाला, मारिसेल दहा,
मी मराठीत काय म्हणाले ते इथे लिहीत नाही.
हसला, आणि शेवटी पाचात सोडलं त्याने.
फोर्टातल्या दोन इमारतींच्या फटीत जहाज दिसलं,
नवीन सोसायटी उभी राहावी तसं, पांढरं,
सगळ्या गॅलऱ्या एकसारख्या.

रात्री टॉवेल मोजले. पुरे भरले.
मशीनच्या जाळीत थोडी काळपट वाळू आली,
मारिसेलने चिमटीत धरून माझ्याकडे बघितलं
आणि टाकून दिली.

एक्स-रेवाली बाई कुठे उतरली
ते मी पाहिलंच नाही.
वीस रुपये राहिले.